नाद गाडीचा, रस्ता उसाचा

नेसरीच्या स्टँडसमोर गाडी लावली की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला : "किती पळत्या?" ॲव्हरेज विचारणारे आता माझ्या वयाचेच उरले. माझी गाडी जुनी पेट्रोल स्विफ्ट, २००५ साली बाजारात आलेल्या पहिल्या पिढीतली. १.३ लिटरचं इंजिन, ८७ अश्वशक्ती. आकडा काही मोठा नाही. पण वजन हजार किलोच्या आसपास आणि साडेचार हजार फेऱ्यांच्या वर इंजिन गेलं की ते खरं जागं होतं. आजरा सोडून आंबोलीच्या वळणांत दुसऱ्या गिअरवर ती जशी वळते, तशी दुप्पट किमतीची धिप्पाड गाडीसुद्धा वळत नाही. घरचे म्हणतात, एवढ्या पैशात दोन म्हशी आल्या असत्या. आल्या असत्या, खोटं कशाला बोला!

हा वेगाचा नाद आपल्याकडे नवा नाही. शर्यतीचा खोंड पोसणारा शेतकरी पेंडीचा हिशेब कधी मांडत नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यासाठीचा कायदा वैध ठरवला. म्हणजे नाद बंद झाला नाही, त्याला मैदान आणि नियम मिळाले. मोटारीच्या नादाला मात्र आमच्या भागात मैदानच नाही. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत उतरला, कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅकही झाला. पण नेसरीच्या पोराला ट्रॅक म्हणून दिसतो तो गडहिंग्लजचा रस्ता, आणि हंगामात तो रस्ता उसाचा असतो.

गेल्या हंगामातली गोष्ट. रात्री नऊच्या सुमाराला गडहिंग्लजहून येत होतो. वेग ऐंशी, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पुढे उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, परावर्तक नाही, नुसतं वाडं लोंबतंय. ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा दोन हात अंतर उरलं. भांडायला उतरलो, तर ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सायेब, जरा दमानं या की." त्याचा दिवा नव्हता हे खरं. पण हेडलाइटच्या उजेडात जेवढं दिसतं त्यापेक्षा माझा वेग जास्त होता, हेही खरं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं, हे मी चारचौघांना शिकवत होतो. त्या रात्री माझी मलाच लाज वाटली.

पोरं पैसे घालतात ते सायलेन्सरवर. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. काही जण स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवतात, मग शाळेजवळच्या स्पीडब्रेकरला पोट घासत जातात. आणि टायर? गुळगुळीत. पहिला रुपया टायरला आणि ब्रेक पॅडला घालणारा अजून मला भेटायचाय.

मागच्या काचेवर मात्र घोडेस्वार हवेत. प्रतापराव गुजर सहा स्वारांसह इथल्या खिंडीत पडले ते २४ फेब्रुवारी १६७४ ला. त्यांचं चित्र लावून शंभराने सुटणाऱ्याच्या समोर बहलोलखान नसतो, सायकलवर शाळेला निघालेली पोरं असतात.

तेव्हा दोन गोष्टी व्हाव्यात. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी पूजा झाली की कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक आहे का ते बघावं, नसेल तर तिला काट्यावर घेऊ नये. आणि ऊस संपला की एखाद्या मोकळ्या माळावर रीतसर परवानगी काढून ऑटोक्रॉस भरवावा. एका वेळी एकच गाडी, डोक्याला हेल्मेट, समोर घड्याळ, बाजूला ॲम्ब्युलन्स. धूळ उडेल ती माळावर उडू दे. प्रवेश फी काय ठेवायची ती ठेवा, पहिली पावती माझ्या नावाची फाडा. टायर नवीन घातलेत.