सहा गुण कचऱ्याचे



नैरोबीतल्या मथारे वस्तीत आपल्या मंडळानं ब्लँकेटं वाटली त्या दिवशीची एक गोष्ट मी या वार्तापत्रात अजून लिहिलेली नाही. छायाचित्रं छापली, देणगीदारांची यादी छापली, सगळ्यांचे आभार मानले. ही एक गोष्ट तेवढी राहिली, आणि ती राहिल्याचं मनाला लागून आहे.

२०२४च्या एप्रिलमध्ये नैरोबीत पाऊस कसा कोसळला ते आपल्यापैकी प्रत्येकाला आठवत असेल. मथारे नदीला पूर आला, काठावरची पत्र्याची घरं रातोरात वाहून गेली, माणसं गेली. पाणी ओसरतं न ओसरतं तोच नदीकाठची उरलेली घरं पाडायला सरकारी यंत्रं आली. आपण आठवडाभरात पैसे उभे केले, ब्लँकेटं घेतली, ट्रक ठरवला आणि शनिवारी सकाळी एका चर्चच्या आवारात रांग लावून वाटप केलं. दोन तासांत ट्रक रिकामा झाला. प्रत्येक ब्लँकेटला जाड, पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर होतं. घेणारा तिथेच ते फाडून काढत होता, कारण अंगावरचे कपडे ओले होते आणि ब्लँकेट लगेच पांघरायचं होतं. आपण बॅनर गुंडाळला तेव्हा आवारात आणि बाहेरच्या गटारात त्या कव्हरांचा खच पडला होता.

मी ट्रकपाशी उभी होते. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी सात-आठ लहान मुलांना घेऊन आली. तिच्या एका पायात काळा गमबूट होता आणि दुसऱ्यात हिरवा. काही न बोलता तिनं कव्हरं गोळा करायला सुरुवात केली. एक मुलगा गटारात उतरला आणि काठीनं आत अडकलेली कव्हरं ओढून काढू लागला. मी विचारलं तेव्हा कळलं, की ती या मुलांच्या फुटबॉल संघाची प्रशिक्षक आहे. त्या दिवशी संघाची सफाईची पाळी होती. नेमून दिलेली गल्ली वेगळी होती, पण तिनं हे आधी हातात घेतलं. संध्याकाळी पुन्हा पाऊस आला तर हेच गटार तुंबणार आणि वरच्या अंगाच्या घरांत पाणी शिरणार, हे तिला दिसत होतं. तिनं पाठीवरच्या दप्तरातून वही काढली, आलेल्या मुलांची नावं लिहिली, प्रत्येकापुढे खूण केली. मग माझ्याकडे एक रिकामं खोकं मागितलं, कव्हरं भरायला.

मी खोकं दिलं. आपण मदत म्हणून जे नेलं होतं, त्यातून त्या मुलांना एक सकाळभराचं काम लागलं होतं.

त्या वहीमागे काय आहे ते मी नंतर समजून घेतलं, आणि आजचं संपादकीय त्या वहीबद्दल आहे.

मथारे म्हणजे मुळात दगडाच्या खाणी. नैरोबीच्या कितीतरी जुन्या इमारतींचा दगड इथून निघाला, आणि खाणींच्या त्या खोलगट दरीत पुढे वस्ती वाढत गेली. १९८७ साली बॉब मन्रो नावाचे एक कॅनेडियन गृहस्थ, पर्यावरणाच्या क्षेत्रात सल्लागार म्हणून नैरोबीत राहणारे, इथे मुलांचा खेळ पाहत थांबले. मुलं ‘जुआला’ खेळत होती. आपल्यापैकी अनेकांनी तो चेंडू पाहिला असेल. आत चिंध्या किंवा कागदाचा बोळा, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांचे थर, आणि वरून सुतळीची घट्ट जाळी. २०१७ साली केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी हा चेंडू काही नाहीसा झाला नाही. आता पावाची वेष्टणं आणि जुने कपडे वापरतात. हातात घेतला की लक्षात येतं, सुतळीची प्रत्येक गाठ विचार करून मारलेली असते. चेंडू एका बाजूला जड झाला तर सरळ घरंगळत नाही.

मन्रो यांनी मुलांना खरा चेंडू आणि नीट आखलेली लीग देऊ केली. बदल्यात मुलांनी आपली वस्ती साफ करायची. तू काही केलंस तर संस्था काही करील, तू हातावर हात ठेवून बसलास तर संस्थाही बसून राहील, एवढंच सूत्र. त्यातून मथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली. सगळे तिला ‘मायसा’ म्हणतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा गुणतक्ता. सामना जिंकला की तीन गुण, बरोबरीत सुटला की एक. आणि नेमून दिलेली सफाई पूर्ण केली की सहा. म्हणजे एक गल्ली, एक गटार साफ करणं हे दोन सामने जिंकण्याइतकं. मैदानावर कितीही तरबेज असलेला संघ शनिवारी फावडं घेऊन आला नाही, तर तक्त्यात खाली घसरतो. ज्याला किक नीट मारता येत नाही, तो मुलगाही घमेलं उचलून संघाला वर नेऊ शकतो. खेळ, पर्यावरण, चारित्र्य अशा मोठ्या शब्दांनी भरलेली कितीतरी माहितीपत्रकं मी वाचली आहेत. तीन आणि सहा या दोन आकड्यांत जे काम होतं, ते त्या सगळ्या पत्रकांत मिळून होत नाही.

कचऱ्याला इथे ‘टाकाटाका’ म्हणतात. आपल्या घरातली लहान मुलं हा शब्द पहिल्यांदा ऐकतात तेव्हा त्यांना तो मराठीच वाटतो, ‘टाका, टाका’. मथारेतली मुलं ते टाकाटाका उचलतात.

या कामासाठी १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘ग्लोबल ५००’ सन्मान मायसाला मिळाला. त्याच वर्षी मुलींचं फुटबॉल सुरू झालं, आणि माझ्या मते ते सन्मानापेक्षा मोठं काम होतं. मथारेत मोठी मुलगी म्हणजे घरातली दुसरी आई. आई भाजी विकायला किंवा धुण्याभांड्याला गेली की पाणी भरणं, धाकट्याला कडेवर घेणं, उगाली शिजवणं सगळं तिच्याकडे. तिनं मैदानावर जायचं तर ही कामं कोण करणार, हा पालकांचा प्रश्न रास्त होता. उत्तर हळूहळू मिळालं. कुठे भावांनी पाणी भरलं, कुठे धाकटी भावंडं मैदानाच्या कडेला येऊन बसली. आज तिथे मुली पंच असतात, प्रशिक्षक असतात, समित्यांवर निवडून येतात. माझ्यापुढे खोकं मागायला उभी राहिलेली मुलगी त्या वाटेनं आलेली होती.

शिक्षणाची बाजू मी जरा सावकाश सांगते, कारण ती आपल्याला आपली वाटेल. जी मुलं सफाईत पुढे असतात, लहानांना शिकवतात, सामन्यांना पंच म्हणून उभी राहतात, आरोग्याची माहिती घरोघर देतात, त्यांच्या कामाचेही गुण मोजले जातात आणि त्या गुणांवर शिष्यवृत्ती ठरते. फी थेट शाळेत भरली जाते. नुसती गरिबी सिद्ध करून ती मिळत नाही, आणि नुसत्या परीक्षेतल्या टक्क्यांवरही नाही. हे वाचताना मला रयत शिक्षण संस्था आठवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली ती काढली, आणि कमवा व शिका म्हणत मुलांच्या हातात कुदळ आणि पुस्तक दोन्ही दिलं. माझे वडील संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. शेतात कामाची पाळी असायची, भाकऱ्या भाजायची पाळी असायची. म्हातारपणीसुद्धा ते कधी ‘मला फुकट शिकवलं’ असं म्हणाले नाहीत. ‘मी शिकलो’ म्हणायचे.

पुढचं थोडक्यात. मायसातूनच १९९४ साली मथारे युनायटेड हा मोठ्यांचा क्लब निघाला आणि २००८ साली तो केनियाच्या प्रीमियर लीगचा विजेता ठरला. मथारेत वाढलेले आणि याच क्लबकडून खेळलेले फ्रान्सिस किमान्झी पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. पण लाखात एखादाच तिथवर पोचतो. बाकीच्यांच्या पोटाचं काय, हा प्रश्न उरतोच. नैरोबीच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत तरुणांचे गट घरोघर जाऊन कचरा गोळा करतात, दर घरामागे थोडे शिलिंग घेतात, आणि त्यावर त्यांचे संसार चालतात. सफाईची सवय आणि माणसं एकत्र ठेवण्याची सवय त्यांना तिथे कामी येते.

मथारेत काम करावं असं मी कार्यकारिणीच्या बैठकीत सुचवलं, तेव्हा एका सभासदानं विचारलं, ‘गरिबांच्या मुलांनी खेळायला मिळावं म्हणून गटारं उपसायची आणि आपल्या मुलांनी फी भरून क्लबात पोहायला शिकायचं, हे तुम्हाला पटतं का?’ हा प्रश्न मी घरी घेऊन आले आणि तो बरेच दिवस डोक्यात राहिला. स्वच्छ पर्यावरण हा केनियाच्या २०१०च्या राज्यघटनेनं दिलेला हक्क आहे. कचरा उचलणं ही काउंटी सरकारची जबाबदारी आहे, आणि मुलांनी केली म्हणून ती काउंटीच्या अंगावरून उतरत नाही. तरीही कचऱ्याचा ट्रक मथारेच्या आतल्या गल्ल्यांत शिरत नाही, ही वस्तुस्थिती आहे. तिथल्या मुलांनी ट्रकची वाट न पाहता फावडं उचललं, त्याची कीव करण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मात्र पूर्ण बरोबर आहे. फरक पटत नसेल तर आपल्या मुलांच्या हातातही फावडं द्यायला हवं.

अजून एक गोष्ट मला सलते. मायसाला वर्षानुवर्षं बळ मिळालं ते मोठ्या प्रमाणावर नॉर्वेतून. त्यांचे संघ ऑस्लोच्या नॉर्वे कपमध्ये खेळायला जातात, तिथल्या संस्थांनी त्यांना पैसा आणि माणसं दिली. आपल्या पार्कलँड्सहून मथारे, रस्ता मोकळा असेल तर गाडीनं वीस मिनिटं. हिंदुस्थानी समाजानं या शहरात दवाखाने काढले, शाळा काढल्या, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण आपलं मंडळ मथारेत पूर आला की जातं आणि पूर ओसरला की परत येतं.

२०२२ साली नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आपण एकत्र बसून पाहिला होता. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुलं पाहिली आणि २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं, त्यावर बेतलेला चित्रपट. हॉलमध्ये बऱ्याच जणांचे डोळे ओले झाले होते, माझेही. नागपुरात बादली होती आणि मथारेत जुआला. मन्रो आणि बारसे दोघेही मुलं कशाशी खेळताहेत ते पाहायला थांबले. तेवढं थांबणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

म्हणून कार्यकारिणीनं काही गोष्टी ठरवल्या आहेत. यंदापासून मंडळ वस्तूंचं वाटप करणार नाही. आपत्ती आली तर अर्थात धावून जाऊ, पण तिथल्या लोकांना आधी विचारून, आणि आपला कचरा आपण परत घेऊन. मदतनिधीतली रक्कम मुलांच्या फीसाठी जाईल, आणि ती कुणाला द्यायची हे तिथल्या संघांच्या वह्यांतल्या नोंदींवरून ठरेल, आपल्या ओळखींवरून नाही. वांगारी माथाई यांच्या ग्रीन बेल्ट चळवळीत बायकांना पैसे मिळत ते लावलेल्या रोपामागे नाही, जगलेल्या रोपामागे. आपणही फी भरल्याची पावती घेऊन थांबायचं नाही, ते मूल वर्षअखेर शाळेत आहे का ते विचारायचं.

दुसरा निर्णय आपल्या घरातला आहे आणि त्यावर बैठकीत बराच वेळ गेला. मंडळाच्या वार्षिक क्रिकेट स्पर्धेत या वर्षी सफाईचे गुण धरले जातील. जिंकल्याचे तीन, सफाईचे सहा. मोठ्यांच्या संघांनाही हाच नियम लागू. काही कप्तानांचे नाराजीचे फोन आले आहेत. नियम बदलणार नाही, एवढं त्यांना प्रेमानं सांगते. गणेशोत्सवातल्या महाप्रसादानंतर हॉलच्या मागे पत्रावळी आणि पेले कसे पडलेले असतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ते कोण उचलतं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

त्या मुलीला मी पुन्हा भेटले. तिच्या संघाकडे बारा मुलं आणि तीन फावडी आहेत, त्यातल्या एकाचा दांडा मोडलेला आहे. आपल्या मराठी शाळेतली दहा वर्षांवरची मुलं त्यांच्याबरोबर काम करू शकतील का, असं विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, येऊ देत, पण उशिरा आलेल्याचं नाव वहीत चढत नाही. काम झाल्यावर सामना होईल, संघ मिसळून. आपला आणि त्यांचा, असे दोन संघ करायचे नाहीत, हे तिनं आधीच बजावलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेसातला हॉलपाशी जमायचं आहे. बस पावणेआठला सुटेल. गमबूट, जाड हातमोजे आणि पाण्याची बाटली प्रत्येकानं आपापली आणावी. पोहे मंडळाकडून, स्टीलच्या डब्यांत. फावड्याचे दांडे कुणाकडे जादा असतील तर मला कळवा.

आपली,
संपादक