नेट बंद, रेशन बंद आणि वर 'डिजिटल उपवास'!



कुठे समुद्राखालची केबल तुटते, कुठे रस्ता खोदताना फायबर कापली जाते, कुठे वीज जाते आणि टॉवर मुके होतात. शहराचा मोठा भाग एक-दोन दिवस टीव्ही आणि इंटरनेटविना राहतो. त्यानंतरच्या रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत एक लेख हमखास येतो. घर कसे पुन्हा बोलू लागले, मुलांनी पत्त्यांचा डाव कसा मांडला, आजीने गोष्ट कशी सांगितली, आणि आपण सर्वांनीच महिन्यातून एक दिवस असा 'डिजिटल उपवास' का करावा, हे त्यात लिहिलेले असते. अशा लेखाचा मला मनापासून राग येतो. उपवास ही पोट भरलेल्यांची चैन असते. ज्याच्या ताटात रोजच अर्धी भाकर आहे त्याला उपवासाचे माहात्म्य सांगणाऱ्याला आपल्या आयाबायांनी काय उत्तर दिले असते, ते इथे छापता येणार नाही.

तार तुटली की कोणाचे काय तुटते, हा खरा प्रश्न आहे. फ्लॅटमधल्या माणसाची वेबमालिका अर्धवट राहते. वस्तीतल्या बाईचे धान्य अडते. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लावायचा, यंत्राने सर्व्हरशी बोलायचे, सर्व्हरने होकार द्यायचा आणि मग तांदूळ-गहू मिळायचे, अशी ही साखळी. नेटवर्क नाही तर होकार नाही. "उद्या या" म्हणतात. उद्या गेले की पुन्हा तेच. दोन दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल अॅपवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी घेणे सक्तीचे झाले. ज्या शिवारात फोनवर बोलायला झाडावर चढावे लागते तिथे ही हजेरी! माती उपसलेली असते, घाम गाळलेला असतो, पण फोटो चढला नाही म्हणून हजेरी संशयात.

आणि आपली पोरे? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला सायबर कॅफेच्या दारात बसलेली. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत पोर्टल गोगलगायीच्या चालीने चालते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असतानाची. तेव्हा ती मिळवायला कागद, शाई आणि टपाल पुरत होते. आज जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खाते यांच्या सोबतीला नेटवर्कही लागते. नेटवर्क हा पात्रतेचा निकष कोणत्या कायद्यात लिहिला आहे?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीचे आकडे २०१७-१८ सालचे आहेत. त्या वेळी ग्रामीण भागातल्या शंभरांतल्या जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत बेचाळीस घरांत. नंतर स्वस्त डेटा आला, मोबाइल पसरला, चित्र पुष्कळ बदलले. पण एका घरात एक फोन, तो बापाच्या खिशात, आणि रिचार्ज संपलेला, हे चित्र २०२०च्या टाळेबंदीत शाळा 'ऑनलाइन' झाल्या तेव्हा आपण डोळ्यांनी पाहिले. पुरवणीवाल्यांना जो अंधार एक दिवसाचा अनुभव वाटतो तो आपल्या कित्येक घरांचा रोजचा मुक्काम आहे.

आता केबलचे पाहू. टीव्ही बंद पडला म्हणून हळहळणाऱ्या आपल्या माणसांना मला विचारायचे आहे, चालू असताना त्यात तुम्ही कुठे होता? २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलॉण्ड्रीने केलेल्या पाहणीत वर्तमानपत्रे, वाहिन्या, मासिके आणि संकेतस्थळे मिळून १२१ प्रमुख पदे तपासली गेली. त्यांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा माणूस एकही नव्हता. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्या दिवशी महाराष्ट्रातली सगळी केबल व्यवस्थित चालू होती, चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्याही होत्या. तरीही कित्येक आठवडे पडद्यावर अंधारच होता. कार्यकर्ते गावात गेले, माहिती गोळा केली, पत्रके काढली, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे कॅमेरे वळले. तार न तुटताही आपल्यासाठी ब्लॅकआउट होता! कुठलाही तंत्रज्ञ शिडी घेऊन येऊन तो दुरुस्त करणार नव्हता.

त्यामुळे अपघाताने बंद पडलेल्या सेवेपेक्षा मला जास्त बोलायचे आहे ते मुद्दाम बंद पाडलेल्या सेवेबद्दल.

'अॅक्सेस नाऊ' ही जगभरच्या इंटरनेटबंदीची नोंद ठेवणारी संस्था. तिच्या नोंदीनुसार भारतात २०२३ साली ११६ वेळा आणि २०२४ साली ८४ वेळा इंटरनेट बंद केले गेले. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट, मोबाइल, लँडलाइन आणि केबल टीव्ही सगळे एकदम बंद झाले. तिथे ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. हे दूरचे वाटत असेल तर २ एप्रिल २०१८ आठवा. अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २० मार्चला आला, तोही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. त्याविरुद्ध कुठल्याही मोठ्या पक्षाच्या हाकेशिवाय भारत बंद झाला. ती हाक फोनाफोनी, व्हॉट्सअॅप आणि फेसबुकवरून गेली. सरकारांनी काय केले? पंजाबमध्ये बंदच्या आदल्या दिवशीच मोबाइल इंटरनेट थांबवले. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातल्या अनेक भागांतही तेच झाले. तरीही ग्वाल्हेरमध्ये पिस्तूल रोखून गोळ्या झाडणाऱ्या माणसाचे चित्रण बाहेर आले. "दलितांनी हिंसा केली" असे ओरडणाऱ्यांना त्याच चित्रणाने गप्प केले. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर पोलीस वस्त्यांत कसे शिरले, गाड्यांवर काठ्या कशा पडल्या, हेही लोकांच्या मोबाइलनेच दाखवले. आणि कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. अशा वेळी नेट चालू असणे ही करमणुकीची बाब आहे काय? तो आपला पुरावा आहे, आपला पंचनामा आहे.

प्रशासनाचे ठरलेले उत्तर असते, "अफवा थांबवण्यासाठी." अफवेला इंटरनेट लागते, हे यांना कोणी सांगितले? २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक मंडपात परतले, जेवायला बसले, तोवर गावभर हूल उठली होती की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तेवढ्या हुलीवर काठ्या घेऊन जमाव धावून आला. तेव्हा महाडात कुठला टॉवर होता? अफवेला गावातली आळी पुरते, देवळाची पायरी पुरते. तिला मारायला खरी बातमी लागते, आणि नेट बंद केले की खरी बातमीच कोंडली जाते. अफवा तर पायी चालत पोचते.

आणि हे करण्यालाही कायद्याची चौकट आहे. २०१७ सालच्या नियमांनी सेवा बंद करण्याचा अधिकार गृहसचिवांच्या पातळीवर नेला आणि आदेशाच्या फेरतपासणीसाठी समिती ठेवली. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, बेमुदत बंदी चालणार नाही, आणि इंटरनेटवरून बोलणे व व्यवसाय करणे यांना कलम १९चे संरक्षण आहे. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काशी जोडली. हे निकाल आपल्याच संविधानातून निघालेत. आपल्यापैकी किती जणांनी कधी बंदीच्या आदेशाची प्रत मागितली? नेट बंद झाले की आपण फोन आपटतो, सिमकार्ड काढून परत घालतो, आणि ते चालू झाले की सगळ्यात आधी 'निषेध' असे स्टेटस ठेवतो.

इथे आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. गेल्या दहा-बारा वर्षांत चळवळ फोनमध्ये जाऊन बसली आहे. मोर्चाची हाक ग्रुपवर, वर्गणीचा हिशेब ग्रुपवर, शोकसभा ग्रुपवर, आणि दोन गटांची भांडणे तर अहोरात्र ग्रुपवरच. शेजारच्या गल्लीतल्या कार्यकर्त्याचे घर माहीत नाही, पण त्याचा डीपी माहीत आहे. पाचशे जणांच्या ग्रुपचा अॅडमिन स्वतःला नेता समजतो. त्या ग्रुपचा मालक अमेरिकेत, तार एका भांडवलदाराची, आणि बटण गृहखात्याच्या हातात. यात आपले काय आहे?

'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. तोही एक प्रकारचा नेटबंदच. ३१ जानेवारी १९२०ला 'मूकनायक' निघालाच. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' निघाले. जे वाचू शकत नव्हते त्यांच्यापर्यंत भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे नेले. डिसेंबर १९२७च्या महाड परिषदेची तयारी तर प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावी. गावातले व्यापारी शिधा विकणार नाहीत हे आधीच ओळखून धान्य बाहेरून आणून ठेवले होते. मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने दिली. पुरवठा तोडला जाणार हे गृहीत धरूनच ती माणसे कामाला लागली होती. ६ डिसेंबर १९५६ला दिल्लीत बाबासाहेबांचे निर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरला लाखो लोक उभे होते. मुंबईत दूरदर्शन यायला अजून सोळा वर्षे होती.

कोणी म्हणेल, हा जुन्या काळाचा गहिवर झाला. अजिबात नाही. मला नेट हवेच आहे, स्वस्त हवे आहे, वस्तीत आणि तांड्यावर अखंड हवे आहे. पण ते तुटणार, हे धरून चालणारी माणसेही हवी आहेत.

म्हणून थोडे कामाचे बोलू. यंत्र चालत नाही म्हणून धान्य नाकारू नका, रेशनकार्ड आणि आधार पाहून नोंदवहीत नोंद करून द्या, असे केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. दुकानदार "उद्या या" म्हणाला की त्या यंत्राच्या पडद्याचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. हक्काचे धान्य मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद २०१३च्या कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. शिष्यवृत्तीचे पोर्टल बंद असेल तर त्याच दिवशी प्राचार्यांना आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना कागदावर अर्ज द्या. पोच हातात असली की "तुम्ही मुदतीत आलाच नाहीत" हे वाक्य त्यांना सहज म्हणता येत नाही. जिल्ह्यात बिघाडामुळे मोबाइल सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यावी, असे ट्रायच्या २०२४च्या नियमांत आहे. रक्कम चिल्लर आहे, तरी मागा. कंपन्यांना विचारणारे कोणी आहे हे कळू दे.

चित्रणाबाबत तर विशेष काळजी घ्या. अत्याचाराचा व्हिडिओ ज्या फोनवर काढला त्यातला मूळ व्हिडिओ पुसू नका. फिरत फिरत आलेली प्रत कोर्टात टिकवणे अवघड जाते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यासाठी मूळ फोन आणि तो वापरणारा माणूस दोन्ही लागतात. नेट बंद असेल तर मेमरी कार्डावर दोन प्रती काढा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की लोकांकडून अर्धा तास मागून घ्या. एक साधी शंभर पानी वही घ्या. वस्तीतले प्रत्येक घर, रेशनकार्ड क्रमांक, शिकणारी मुले, एकटी राहणारी म्हातारी माणसे, औषधावर असलेले रुग्ण आणि गल्लीगणिक दोन जण, जे नेट बंद झाल्याच्या तासाभरात पायी सगळ्यांकडे जातील, त्यांची नावे लिहा. वकिलाचा, डॉक्टरचा आणि पत्रकाराचा नंबर पहिल्याच पानावर, शाईने. वही विहारात राहील आणि तिची एक झेरॉक्स महिला मंडळाकडे.