माप हवंच, पण ज्याच्या त्याच्या कामाचं

रग्बीतली 'ब्रॉन्को' चाचणी भारतीय क्रिकेटमध्ये आली. 2025 साली संघाचे कंडिशनिंग प्रशिक्षक एड्रियन ल रू यांनी ती आणल्याच्या बातम्या आल्या, आणि इथे सिंगापूरच्या मराठी मंडळींत दोन तट पडले. एक म्हणतो, "यो-यो होती ना, आता हे काय नवीन?" दुसरा म्हणतो, "पोट सुटलेल्यांना घरी बसवा!" मला दोन्ही पटत नाही.

चाचणी साधी आहे. 20, 40 आणि 60 मीटर जाऊन परत यायचं, अशा पाच फेऱ्या न थांबता. एकूण 1200 मीटर, लक्ष्य सहा मिनिटं. हेतू रास्तच आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मोहम्मद सिराजने पाच कसोटींत 185.3 षटकं टाकली आणि शेवटच्या सकाळी ओव्हल जिंकून दिलं. नुसत्या जिद्दीवर हे होत नाही, अंगात दम लागतो.

पण रग्बीची चाचणी घेताना रग्बीची समजही घ्यायला हवी. स्क्रममध्ये भिडणारा धिप्पाड प्रॉप आणि कडेने सुसाट पळणारा विंगर यांच्याकडून तिथे सारख्याच वेळेची अपेक्षा नसते. सिंगापूरच्या सैन्याची आयपीपीटी बघा. पुश-अप्स, सिट-अप्स आणि 2.4 किलोमीटर धावणं. गुण वयोगटानुसार, कमांडोंसाठी गोल्डची रेषा वरची. इथल्या पीआर कुटुंबांतल्या मराठी मुलांनाही नॅशनल सर्व्हिसमध्ये हेच माप लागतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरची लोड टेस्ट घेतो, ती त्याच्यावर खरा किती भार येणार ते बघून. एकच आकडा सगळ्यांना लावला तर चांगली सिस्टिमही नापास होईल. प्रथम श्रेणीत 60च्या वर सरासरी असलेल्या मुंबईच्या सर्फराज खानच्या धावांपेक्षा त्याच्या वजनाचीच चर्चा वर्षानुवर्षं जास्त झाली, ती अशाच एकेरी मापामुळे.

म्हणून बीसीसीआयने वेगवान गोलंदाज, फिरकीपटू, यष्टिरक्षक आणि फलंदाज यांची लक्ष्यं वेगळी ठेवावीत आणि ती जाहीर करावीत. कमी पडणाऱ्याला तयारीचा आराखडा आणि मुदत द्यावी. नागपूर-कोल्हापुरात घाम गाळणाऱ्या पोराला आपल्याला नेमकं काय गाठायचंय, हे आधी कळलं पाहिजे. निवडीच्या दिवशी नव्हे.