रुग्णशय्येपाशीं शौच

शौच म्हटलें कीं आम्हां जुन्या मंडळींस सोंवळेंओंवळें आठवतें. हदगांवच्या आमच्या घरींही तेंच झालें. वडीलबंधू पक्षाघातानें अंथरुणास खिळले. आम्ही नित्य स्नानसंध्या उरकून त्यांच्या उशाशीं वाचीत बसत असूं. अंग पुसण्याचें काम वहिनींकडे. परंतु दादांस कुशीवर वळविणें त्यांच्या एकटीच्यानें होत नसे, आणि त्यांनीं आम्हांस हांक मारावी असे आम्ही कधीं वागलोंच नव्हतों. अठरा दिवसांनीं नांदेडहून एक परिचारिका आली. तिनें दादांस वळविलें, तों माकडहाडावर रुपयाएवढा काळसर तांबडा डाग! तिनें तो बोटानें दाबला. रंग पालटला नाहीं. "काका, ही शय्याव्रणाची सुरुवात आहे," ती म्हणाली.

चरकसंहितेंत वैद्य, औषध, परिचारक व रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून, परिचारकाच्या अंगीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, अनुराग व शौच हे गुण हवेत असें म्हटलें आहे. हें आम्हीं विद्यार्थ्यांस शिकविलें, पण घरीं आचरिलें नाहीं. १९०९ सालीं पुण्यास रमाबाई रानडे यांनीं सेवासदन स्थापिलें व पुढें स्त्रियांस परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी केली, ती याच कामासाठीं.

त्या बाईंनीं घालून दिलेला क्रम असा. आपले हात धुवावे. रोग्यास विचारून व आडोसा करून मगच वस्त्र सारावें. कोमट पाण्यानें डोळे नाकाकडून कानाकडे पुसावे. नंतर तोंड, हात, छाती, पाय, पाठ. गुह्यांग शेवटीं, निराळ्या पाण्यानें व फडक्यानें. स्त्रियांचें पुढून मागें. कांखा, जांघा व बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या. त्याच वेळीं टाचा, खुबे, कोंपरें व माकडहाड निरखावें. सांवळ्या कांतीवर लाली दिसत नाहीं. तेथें ऊब वा कठीणपणा हातानें पाहावा. डाग चोळूं नये, त्यावर भार देऊं नये; साधारण दर दोन तासांनीं कूस पालटावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडांत पाणी ओतूं नये. कुशीवर ठेवून ओल्या फडक्यानें तोंड पुसावें. कातडी फुटल्यास डॉक्टरांस दाखविण्यास विलंब करूं नये.

आतां रात्रीची पाळी आमची. वहिनी स्वस्थ निजतात. डाग फिका पडला आहे. दादांस बोलतां येत नाहीं, परंतु पाठीखालीं हात घातला म्हणजे ते आमचें मनगट धरतात.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें माणूस असेल, त्यांनीं हा अंक खालीं ठेवून प्रथम त्याची पाठ पाहावी, इतकीच विनंति.