रज्जुमार्ग हवा, पण कोणासाठी?



मुसफ्फ्याहून अबू धाबी बेटावर जायला खाडीवरून रोप-वे असावा का? वर्गातल्या वादविवादाला हा विषय छान आहे. बहुतेक मुले लगेच "हो!" म्हणतील, कारण खाली निळे पाणी आणि वर आपण, यापेक्षा मोठी मजा कोणती? माझेही उत्तर "हो" असेच आहे, पण एका अटीवर. तो रोप-वे कोणाला नेणार, किती पैशांत नेणार आणि रोज नेणार का, हे आधी ठरले पाहिजे.

रोप-वेला मराठीत 'रज्जुमार्ग' म्हणतात. रज्जू म्हणजे दोर. आपल्या महाराष्ट्रात रायगडावर १९९६ साली असा मार्ग सुरू झाला. त्याचे खालचे स्थानक हिरकणीवाडीला आहे. पायी जायचे तर दीड हजारांच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात, आणि दोराच्या पाळण्यातून पाच मिनिटांच्या आत माणूस वर पोहोचतो. "यात गड चढल्याचा आनंद कसला?" असे काही जण म्हणतात. धडधाकट माणसाच्या बाबतीत ते खरेही आहे. पण जिचे गुडघे दुखतात त्या आजीला महाराजांची समाधी दाखवणारी ही सोय मला मोलाची वाटते.

आता नदी ओलांडणारा रोप-वे पाहू. आसाममध्ये गुवाहाटी शहर ब्रह्मपुत्रेच्या काठी आहे. तिथे २०२० च्या ऑगस्टमध्ये कचारी घाट ते उत्तर गुवाहाटी असा सुमारे १.८ किलोमीटरचा रोप-वे सुरू झाला. सराईघाट पुलावरून वळसा घालून जायला तास तास लागत असे. रोप-वेला आठ-दहा मिनिटे पुरतात. एरवी लोक होडीने जात. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये याच ठिकाणी होडी उलटून माणसे बुडाली, आणि त्या होडीत विद्यार्थीही होते. म्हणून तिथल्या आईवडिलांना रोप-वे म्हणजे नुसती गंमत वाटणार नाही.

पण जरा गणित करू या. तिथे दोन डबे आहेत. रहाटावरच्या दोन पोहऱ्यांसारखा एक येतो तेव्हा दुसरा जातो. एका डब्यात साधारण ३० माणसे मावतात. चढउतार धरून एका खेपेला १० मिनिटे लागली, तर तासाला ६ खेपा, म्हणजे एका दिशेने १८० माणसे. एवढी माणसे चार बसगाड्यांत बसतात! शिवाय सुरुवातीला एका बाजूचे भाडे ६० रुपये होते. रोज दोनदा जाणाऱ्या मजुराला किंवा भाजीवालीला ते कसे परवडावे? ती माणसे पुन्हा होडीकडेच वळणार आणि पाळण्यात फोटो काढणारे पाहुणे बसणार.

परदेशातही हाच फरक दिसतो. न्यू यॉर्कमध्ये ईस्ट नदीवर १९७६ पासून रोप-वे आहे. त्याला भुयारी रेल्वेएवढेच भाडे पडते, म्हणून रूझवेल्ट बेटावरचे लोक त्याने कामाला जातात. लंडनमध्ये टेम्स नदीवर २०१२ साली रोप-वे झाला. त्याचे भाडे बसपेक्षा कितीतरी जास्त आहे, म्हणून त्यात मुख्यतः हौशी प्रवासी दिसतात. दोर दोन्हीकडे पोलादाचाच आहे. फरक तिकिटाने केला.

फार लांब कशाला, दुबईच्या खाडीतला आपला अब्रा घ्या. तिथे १९६३ साली मक्तूम पूल झाला, १९७५ साली शिंदगा बोगदा झाला, आणि २०११ पासून मेट्रोची ग्रीन लाइनही खाडीखालून जाते. तरी बर दुबई आणि देरा यांच्यामध्ये लाकडी अब्रा चालूच आहे. का? एक दिरहम द्या आणि बसा. दुकानाचा मालक, हमाल आणि पाहुणा एकाच बाकावर पाठीला पाठ लावून बसतात. अब्र्यात काचेच्या खिडक्या नाहीत, थंड हवेचे यंत्रही नाही. पण तो सर्वांचा आहे, म्हणून टिकला.

आपल्या मुसफ्फ्याजवळच्या मक्ता खाडीचीही गोष्ट अशीच आहे. पूल नव्हता तेव्हा ओहोटी पाहून लोक पाण्यातून पलीकडे जात. १९६८ साली पहिला मक्ता पूल झाला. २०१० साली झाहा हदीद यांनी रेखाटलेला, वाळूच्या टेकड्यांसारख्या कमानींचा शेख झायेद पूल झाला. येता-जाता पाण्यात उभा असलेला जुना टेहळणी बुरूज मुलांना जरूर दाखवा.

पूल झाले तरी पहाटे शाबियातून आणि औद्योगिक भागातून कामाला निघणारी माणसे बसथांब्यावर उभी असतात. जून-जुलैच्या उन्हात ती कशी उभी राहतात, हे शाळेच्या गार बसमधून आपल्याला रोज दिसते. खाडीवर उद्या रोप-वे बांधायचा झाला, तर त्यात पहिली जागा या माणसांची असावी. भाडे बसएवढे हवे, स्थानक बसथांब्याला लागून हवे, आणि वादळी वाऱ्यात पाळणे थांबले तर दुसरी सोय तयार हवी. एवढे जमणार नसेल, तर त्याच पैशांतून आणखी बसगाड्या आणि सावलीचे थांबे केलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांनो, वरून शहर सुंदर दिसते यात शंका नाही. पण वरून माणसे मुंगीएवढी दिसतात, हेही ध्यानात ठेवा.

तुमचे मत वेगळे असेल तर पुढच्या अंकासाठी दहा ओळी लिहून आणा. आईबाबांनी शुद्धलेखन तपासावे, मत मात्र मुलांचेच असू द्यावे!