पर्याय नाही, की प्रश्नच नाही?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आम्ही डॉक्टर मंडळी एरवी लसीकरण, मधुमेह, मुलांचे वाढते वजन अशा विषयांवर लिहीत असतो. राजकारणाला या पानांत सहसा थारा नसतो, आणि तो नसावा असेच माझेही मत होते. तरीही यंदा संपादकांची परवानगी घेऊन मी मतदानाविषयी लिहीत आहे. कोणत्याही पक्षाचा प्रचार वा निषेध करण्याचा यात हेतू नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ बालरुग्ण तपासणाऱ्या एका माणसाने मतदान केंद्रात जे केले, त्याची ही कबुली आहे.

दि. ७ मे २०२४ रोजी बेळगाव आणि चिक्कोडी या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान झाले. बेळगावात भारतीय जनता पक्षाचे उमेदवार होते जगदीश शेट्टर. माजी मुख्यमंत्री, पण हुबळीचे. एप्रिल २०२३ मध्ये उमेदवारी नाकारली गेली म्हणून ते काँग्रेसमध्ये गेले, विधानसभेला पराभूत झाले, काँग्रेसने त्यांना विधान परिषदेवर घेतले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते स्वगृही परतले. त्यांच्यासमोर काँग्रेसचे मृणाल हेब्बाळकर होते. राज्याच्या तत्कालीन महिला व बालकल्याण मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर या त्यांच्या मातोश्री. निपाणी ज्या चिक्कोडी मतदारसंघात येते, तिथले चित्रही याच वळणाचे होते. एका बाजूला विद्यमान खासदार अण्णासाहेब जोल्ले, ज्यांच्या पत्नी शशिकला जोल्ले निपाणीच्या आमदार. दुसऱ्या बाजूला तत्कालीन मंत्री सतीश जारकीहोळी यांच्या कन्या प्रियांका जारकीहोळी. शेट्टर सुमारे पावणेदोन लाखांच्या आणि प्रियांका जारकीहोळी सुमारे नव्वद हजारांच्या मताधिक्याने निवडून आल्या. निकाल काय लागला हा माझ्या लेखाचा विषय नाही. या उमेदवारांच्या वैयक्तिक योग्यतेबद्दलही मला काही म्हणायचे नाही. परंतु ही नावे ठरताना बेळगावच्या वा निपाणीच्या सामान्य मतदाराला कोणी काही विचारले होते काय?

त्या दिवशी मी रांगेत पाऊण तास उभा राहिलो, बोटाला शाई लावून घेतली आणि यंत्रावरचे सर्वांत खालचे बटण दाबले. ‘वरीलपैकी कोणीही नाही.’ बाहेर पडताना आपण एक नैतिक कृत्य केले असे मला वाटत होते.

घरी वडिलांनी विचारले, “कुणाला दिलंस?” वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. आमच्या घरात मत गुप्त ठेवण्याची पद्धत कधी नव्हती, कारण ते सर्वांना ठाऊकच असे. मी खरे ते सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “म्हणजे परीक्षेला बसलास आणि कोरा पेपर देऊन आलास.”

मला राग आला. मी म्हणालो, “तुम्ही आयुष्यभर समितीला मत दिलंत. त्यानं काय झालं?”

“मी कुणी निवडून यावा म्हणून मत देत नव्हतो,” ते शांतपणे म्हणाले. “आपण इथं आहोत हे मोजलं जावं म्हणून देत होतो.”

सीमाभागाबाहेरच्या वाचकांसाठी या वाक्यामागचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होऊन बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी १७ जानेवारीला बेळगाव व निपाणी येथे गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली होती. पुढे १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने नाकारला. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पुन्हा बळी गेले. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या सगळ्या काळात महाराष्ट्र एकीकरण समितीला दिलेले मत हे सरकार निवडण्यासाठीचे मत नव्हते. ती साक्ष होती.

या साक्षीचे सर्वांत विलक्षण रूप १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत दिसले. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी बेळगावात मोठ्या संख्येने अर्ज भरले गेले आणि तब्बल ४५६ उमेदवार रिंगणात उभे राहिले. मी तेव्हा एम.डी.चा अभ्यास करीत होतो. वसतिगृहातले मित्र या बातमीवर हसत, आणि मला मात्र अभिमान वाटे. त्याच वर्षी कायदा बदलला. खुल्या प्रवर्गातील लोकसभा उमेदवाराची अनामत पाचशे रुपयांवरून दहा हजारांवर गेली आणि अपक्षाला दहा सूचक आवश्यक ठरले. २०१९ मध्ये तोच प्रयोग लहान प्रमाणात पुन्हा झाला व ५७ उमेदवार उभे राहिले. आज विचार करताना वाटते, ज्या मतदाराला खरोखर निवड करायची आहे, त्याच्यापुढे दोन नावे असणे आणि ४५६ नावे असणे यांत फारसा फरक नाही. एका ठिकाणी पर्याय अपुरे, दुसऱ्या ठिकाणी पर्यायांचा नुसता निरोप.

साक्ष देण्याची ही शक्ती पुढे क्षीण होत गेली. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार निवडून आले होते. २०१८ मध्ये एकही नाही, २०२३ मध्येही नाही. २०१८ साली खानापुरात समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार परस्परांविरुद्ध उभे होते. मराठी मतदाराने एकजूट दाखवावी असे आवाहन करणाऱ्यांनाच एकजूट साधली नाही. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत चित्र क्षणभर पालटले. समितीचे तरुण उमेदवार शुभम शेळके यांना एक लाख सतरा हजारांवर मते मिळाली, तर भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींपेक्षा अवघ्या ५,२४० मतांनी पुढे राहिल्या. मताधिक्याच्या वीसपटीहून अधिक मते तिसऱ्याकडे होती! या मतांना दोन्ही पक्षांनी किंमत द्यावी अशी संधी याहून मोठी कोणती असणार? पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, पक्षचिन्हांवर लढल्या गेलेल्या बेळगाव महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत, ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या. २०२४ ला समितीचा उमेदवार शेळकेंच्या मतांच्या जवळपासही पोहोचला नाही. म्हणजे वडिलांच्या पिढीची साक्षही आता नीट मोजली जात नाही.

मग उरतात ते दोन राष्ट्रीय पक्ष. त्यांच्यातील फरकही मतदाराला किती काळ पुरतो? २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातील गोकाक, अथणी आणि कागवाड येथील काँग्रेसचे तीन आमदार पक्षातून बाहेर पडले आणि डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघेही भाजपच्या चिन्हावर निवडून आले. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा पुस्तकात होताच. एकाच कुटुंबातील भाऊ वेगवेगळ्या पक्षांत असणे हेही आपल्या जिल्ह्याला नवे नाही. अशा वेळी मतदाराने “दोघेही सारखेच” म्हणून हात झटकले तर त्याला दोष कसा द्यावा? मीही तेच केले होते.

‘नोटा’ची वस्तुस्थितीही डॉक्टरी काटेकोरपणे पाहिली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने हे बटण आपल्याला मिळाले. परंतु लोकसभा वा विधानसभेत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तरी त्यानंतरचा उमेदवार विजयी ठरतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होता. २०२४ मध्ये इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि दोन लाख अठरा हजारांवर मतदारांनी ‘नोटा’ दाबला. निकालात काही फरक पडला नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरती फेरनिवडणुकीची तरतूद केली, ती स्वागतार्ह आहे. पण ती आपल्याला लागू नाही. थोडक्यात, हे औषध रुग्णाच्या मनाला बरे वाटावे इतकेच करते. रोगावर त्याचा परिणाम नाही.

इथवर माझे विचार निराशेपाशीच थांबले असते. परंतु मतदानानंतर दीड महिन्याने माझ्या दवाखान्यात एक प्रसंग घडला.

खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून एक आई आपल्या एक वर्षाच्या मुलाला घेऊन आली. तीन दिवसांपूर्वी मीच त्याला तापासाठी पॅरासिटामॉलचे थेंब लिहून दिले होते. मात्रा दीड मिलिलिटर. चिठ्ठी, माझ्या नित्याच्या सवयीप्रमाणे, इंग्रजीत. त्या माउलीने घरातल्या जुन्या पातळ औषधाच्या अंदाजाने पूर्ण एक चमचा दिला होता. थेंबांचे औषध किती तीव्र असते हे डॉक्टर वाचकांना सांगणे नलगे. दहा किलोच्या बाळाला आदल्या दिवशी तीन वेळा पाच-पाच मिलिलिटर गेले होते, म्हणजे दीड हजार मिलिग्रॅम. मी बाळाला दाखल करून घेतले, रक्ततपासण्या केल्या, रात्रभर मला झोप लागली नाही. सुदैवाने यकृताला इजा झाली नव्हती. बाळ सुखरूप घरी गेले.

त्या आईला मराठी उत्तम वाचता येत होते. मी विचारले, “चिठ्ठी कळली नाही तर विचारायचं नाही का?” ती खाली मान घालून म्हणाली, “काय लिवलंय ते कळालं न्हाई डॉक्टर. इचारू कसं म्हणून गप ऱ्हायलो.”

सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावेत म्हणून मी तरुणपणी मोर्चात चाललो आहे. भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या पंधरा टक्के असेल तिथे महत्त्वाची परिपत्रके त्यांच्या भाषेत द्यावीत हा निकष मला तोंडपाठ आहे. घटनेचे कलम ३५० अ मी भाषणांत उद्धृत केले आहे. आणि मराठी आईच्या हाती मी इतकी वर्षे इंग्रजी चिठ्ठी देत होतो, कारण मला कोणी विचारले नाही.

‘इचारू कसं म्हणून गप ऱ्हायलो.’ हे वाक्य पुढे कित्येक दिवस माझ्या कानांतून जाईना. मतदार म्हणून मी तरी दुसरे काय केले होते? इतक्या वर्षांत एकाही उमेदवाराला मी एकही प्रश्न लेखी विचारलेला नव्हता. माझ्या तालुका रुग्णालयात बालरोगतज्ज्ञाचे पद भरलेले आहे की रिकामे? अंगणवाडीतील आहाराच्या सूचना मराठी गावात मराठीत का नाहीत? मराठी शाळांत शिक्षक किती वर्षांपासून कमी आहेत? पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्टीतील गावांतून आजारी मूल शहरात कसे आणायचे? या प्रश्नांना पक्ष नाही. सीमाप्रश्नाचा निकाल कोणत्याही बाजूला लागला तरी हे प्रश्न सुटलेच पाहिजेत, कारण मुले तोवर वाढायची थांबत नाहीत. वडिलांच्या पिढीने ‘आम्ही इथे आहोत’ अशी साक्ष दिली. माझ्या पिढीने ‘कोणीही नको’ म्हटले. ‘आम्हाला हे हवे आहे, तुम्ही ते केव्हा करणार?’ असे दोघांनीही फारसे विचारले नाही. ज्याला कोणी विचारीत नाही तो उमेदवार कुणाचा मुलगा आहे वा कालपर्यंत कुठल्या पक्षात होता, याची पक्षश्रेष्ठींनी तरी चिंता का करावी?

आपल्या व्यवसायात आदर्श औषध क्वचितच हाती असते. दोन सदोष औषधांतून कमी अपायाचे निवडावे लागते. कधी औषध न देणेही योग्य ठरते. परंतु यांपैकी काहीही केले तरी रुग्णाला पुन्हा बोलावून पाहणे चुकत नाही. मतदार मात्र पाच वर्षांची चिठ्ठी एकदम लिहितो आणि फेरतपासणीला कोणाला बोलावीत नाही. मग पाच वर्षांनी “पर्यायच नाही” म्हणून हळहळतो.

म्हणून माझी आपल्या मंडळाला एक नम्र सूचना आहे. येत्या प्रत्येक निवडणुकीपूर्वी, शक्यतो उमेदवारी जाहीर होण्याआधीच, आपण डॉक्टरांनी आरोग्य, पोषण आणि शाळा यांविषयी पाच लेखी प्रश्न तयार करावेत. ते सर्व पक्षांच्या आणि समितीच्याही इच्छुकांना सारखेच पाठवावेत. आलेली उत्तरे, आणि न आलेल्या उत्तरांची रिकामी जागा, याच स्मरणिकेत छापावी. निवडून आलेल्या व्यक्तीला दरवर्षी तेच पाच प्रश्न पुन्हा विचारावेत. कन्नड भाषिक सहकारी यात आले तर अधिक चांगले; ताप आलेल्या मुलाला सीमा नसते. यातून उद्याच चांगले उमेदवार मिळतील असा माझा भ्रम नाही. पण उमेदवार निवडणाऱ्यांना एवढे कळेल की इथे विचारणारे लोक आहेत.

माझ्यापुरती सुरुवात मी केली आहे. माझ्या दवाखान्यात आता औषधाची मात्रा पालकांच्या भाषेत, मराठीत वा कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरांत लिहिली जाते आणि आईकडून ती वाचून घेतल्याशिवाय चिठ्ठी दिली जात नाही. कन्नड अक्षरे लिहिताना माझा हात अजून अडखळतो. परिचारिका दुरुस्त करते.

वडिलांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “बरं झालं. पुढच्या वेळी पेपर कोरा देऊ नकोस.”

तसा शब्द मी त्यांना दिला आहे.