गाण्याचा संसार मांडतो कोण?

दिवाळी पहाटेच्या गाण्याच्या कार्यक्रमाची एखादी पत्रिका हाती घ्या आणि सावकाश वाचा. अभ्यंगस्नान आटोपून, फराळाचे ताट पुढ्यात ओढून वाचलीत तरी चालेल. सर्वांत वर प्रायोजकाचे नाव, बहुधा छायाचित्रासह. त्याखाली गायक-गायिका. मग निवेदक. मग कवी आणि संगीतकार, तेही कीर्तिमान असतील तर. सर्वांत खाली मुंगीच्या पावलाएवढ्या टायपात 'साथसंगत' हा एक शब्द आणि त्यापुढे, जागा उरली असेल तर, चार-पाच नावे. मंडप कोणाचा ते आपल्याला कळते, ध्वनिक्षेपक कोणाचा तेही कळते. गाणे मांडले कोणी, एवढे मात्र कळत नाही.

आमचे भांडण या न छापलेल्या नावासाठी आहे.

मांडणी म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांना ती गाण्याची रोषणाई वाटते. कवीने शब्द दिले, संगीतकाराने चाल दिली. तिथून ध्वनिमुद्रिका तयार होईपर्यंत शेकडो निर्णय कोणीतरी घ्यायचे असतात. आरंभीचे सूर सतारीने धरायचे की बासरीने? मुखडा संपून अंतरा सुरू होईपर्यंतची जागा कशाने भरायची? गायक श्वास घेतो त्या अर्ध्या क्षणात व्हायोलिनने उत्तर द्यायचे की स्तब्ध राहायचे? तबला पहिल्या ओळीपासून हवा की तिसऱ्या? आवाजाच्या खालून दुसरीच एक सुरावट वाहती ठेवायची का? कोणी बोलायचे, त्याहीपेक्षा कोणी केव्हा गप्प बसायचे, हे ठरवणारा माणूस म्हणजे संयोजक. चित्रपटाच्या धंद्यात त्याला अरेंजर म्हणतात. आपण मात्र त्याला काहीच म्हणत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. "चाल हा गाण्याचा आत्मा, वाद्ये म्हणजे अंगावरचे कपडे!" आत्मा आणि देह यांची फारकत करण्याची आपली सवय जुनी आहे, पण गाण्यात ती चालत नाही. एखादी अंगाईची चाल घ्या. ती आई पाळण्याच्या दोरीच्या लयीत गुणगुणते तेव्हा मूल झोपते. तीच चाल, एकही सूर न बदलता, वरातीच्या बँडवाल्यांना भर रस्त्यावर वाजवायला सांगा. गल्लीतली झोपलेली मुले उठून बसतील! चाल तीच आहे, सूर तेच आहेत; अंगाई मात्र राहिलेली नाही. सगळे सूर जिथल्या तिथे राहूनही ज्या गोष्टीमुळे गाण्याचा अर्थ बदलतो, तिला कपडे म्हणणाऱ्याने एकदा स्वतःच्या कानांचा विचार करावा.

दुसरा आक्षेप अधिक अभिमानाने घेतला जातो. "हा वाद्यमेळ, हे गिटार, हे ड्रम, सारे पाश्चात्त्यांचे खूळ. आपले संगीत एका गळ्याचे आणि एका तंबोऱ्याचे." हे सांगणारे गृहस्थ बहुधा पेटीवर बोटे ठेवून हे सांगत असतात. ती पेटी, म्हणजे हार्मोनियम, एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मली. 1940 साली तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओने तिला परकी आणि बेसूर ठरवून आपल्या केंद्रांवर बंदीही घातली होती. आज ती नसेल तर आमचे भजन सुरू होत नाही. व्हायोलिन परदेशातून आले, संगीत नाटकाचा ऑर्गन परदेशातून आला. आमच्या आजोबांनी त्यांना घरात घेतले आणि मराठी बोलायला शिकवले. नातवाने गिटार घेतले की मात्र संस्कृती बुडते!

आणि वाद्यमेळाचा विचार आपल्याकडे नव्हता असे ज्यांना वाटते, त्यांनी छत्रपती संभाजीनगरातून बस पकडून पंधरा-सोळा किलोमीटरांवरच्या देवगिरीला जावे. आपण दौलताबादला सहल काढतो, अंधारी वाट पाहतो, चांदमिनारासमोर छायाचित्र काढतो आणि परततो. त्याच देवगिरीवर तेराव्या शतकात, यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. दरबाराचे हिशेब सांभाळणाऱ्या या माणसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. भारतातल्या संगीताच्या दोन्ही परंपरा ज्याच्याकडे आदराने पाहतात तो हा सात अध्यायांचा ग्रंथ.

त्या ग्रंथात 'वृंद' या विषयाला स्वतंत्र जागा आहे. उत्तम वृंद कोणता, हे शार्ङ्गदेव हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने सांगतो : मुख्य गायक चार, त्यांना साथ देणारे गायक आठ, गायिका बारा, बासरीवाले चार, मृदंगवाले चार. एकूण बत्तीस माणसे! मोठ्या मनाचा यजमान नसेल तर मध्यम आणि कनिष्ठ वृंदाचीही सोय त्याने लावून ठेवली आहे. पुढे तो वृंदाचे सहा गुण देतो. मुख्याच्या मागोमाग जाणे, परस्परांत मिसळणे, तालात लीन राहणे, एकाचे कुठे तुटले तर दुसऱ्याने ते सावरून घेणे, तिन्ही सप्तकांत पोचण्याची ताकद असणे आणि सर्वांच्या नादात साम्य असणे. वाद्यांचेही तो त्यांच्या कामावरून प्रकार पाडतो : काही एकटी वाजणारी, काही गीताच्या मागून जाणारी, काही नृत्ताच्या, काही दोहोंच्या. आठशे वर्षांपूर्वी, आपल्या अंगणात, हा विचार इतका पक्का झालेला होता.

आता ते सहा गुण मनात धरा आणि ज्या संगीताचे नाव काढताच घरातली वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात, त्या रॉककडे चला. रॉकमध्येही एक सुरेल पंथ आहे. त्यात गिटार कडाडते, पण गाण्याची चाल सोडत नाही. ड्रम घुमतात, पण शब्दांना जागा देतात. मुंबईत 1984 साली 'रॉक मशीन' नावाचा असा एक मेळ उभा राहिला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनाईकर. दुसऱ्यांची इंग्रजी गाणी हुबेहूब वाजवून दाखवणे हीच त्या काळी शर्थ समजली जाई. या मुलांनी स्वतःची गाणी लिहिली आणि 1988 साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा त्यांचा संग्रह निघाला. पुढे त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. भाषा इंग्रजी, ढंग परदेशी, हे उघडच आहे. त्याचे गुणदोष ज्याने त्याने ठरवावेत. आम्हांला त्यातली एकच गोष्ट येथे मांडायची आहे.

अशा मेळाच्या संग्रहात साथीदार नावाचा प्राणी नसतो. चार-पाच जण एका खोलीत बसतात आणि गाणे घडवतात. सुरुवातीला एकटे गिटार दोन-चार सूर पुन्हा पुन्हा घोळवते आणि तेवढ्यावरून ऐकणारा गाणे ओळखतो. कडव्यात ड्रम मागे सरतो. ध्रुवपद येण्याआधी सारी वाद्ये क्षणभर श्वास रोखतात आणि मग एकदम उसळतात. शब्द संपले की गिटार पुढे येते आणि गायकाला जे सांगता आले नाही ते सांगते. हे गिटारचे एकल वादन म्हणजे त्या गाण्याचे शेवटचे कडवेच असते. ते काढून टाका, गाणे लंगडे होईल. म्हणूनच मेळाच्या तबकडीवर कोण काय वाजवतो ते प्रत्येकाच्या नावानिशी छापलेले असते आणि त्या संगीताच्या चाहत्याला गायकाइतकेच ड्रमवाल्याचेही नाव पाठ असते. मुख्याच्या मागे जाणे, मिसळणे, तुटले ते सावरणे, सारे गुण शार्ङ्गदेवाचेच. ज्याला आपण धांगडधिंगा म्हणून हिणवतो, त्याने वाद्य वाजवणाऱ्याची इभ्रत राखली. संस्कृतीचा गजर करणाऱ्या आपल्या पत्रिकेने ती राखली नाही.

आपल्याकडच्या संयोजकांची कथा ऐका. हिंदी चित्रपटाच्या सोनेरी काळाचे निम्मे सोने गोव्याचे आहे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले ते व्हायोलिनांचे लोंढे कागदावर उतरवणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे. त्याच जोडीच्या गाण्यांचा ठेका सांभाळणारे दत्ताराम वाडकरही गोव्याचेच. त्यांच्या ठेक्याला वादक मंडळी आजही 'दत्ताराम ठेका' म्हणतात. पडद्यावर मात्र या दोघांना 'साहाय्यक' एवढीच पदवी मिळाली. आपल्या पुणतांब्याच्या, गोदाकाठच्या सी. रामचंद्रांनी 1951 च्या 'अलबेला'मध्ये जो नवा डौल आणला, त्यात चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रंपेटवादकाचा आणि त्याच्या साथीदारांचा वाटा मोठा. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य स्वरसंगती एकत्र नांदवण्यासाठी 1958 साली स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. त्यांचे नाव अखेर घरोघरी पोचले ते कसे? त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या गुरुभक्तीमुळे, 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या नायकाच्या तोंडून! गाणे लाखोंनी म्हटले. अँथनी गोन्साल्विस नावाचा खराखुरा माणूस व्हायोलिन घेऊन गोव्यात बसला आहे, याचा पत्ता त्यांतल्या कितींना होता?

मराठीत तरी निराळे काय आहे? 'गीतरामायण' 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. छप्पन्न गीते, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके, हे सारे आपल्याला मुखोद्गत. पण फडक्यांचे साहाय्यक म्हणून वर्षानुवर्षे काम केलेल्या, व्हायोलिनला गायला लावणाऱ्या प्रभाकर जोगांचे नाव घरात कितीजण सांगतील, ते पाडव्याच्या दिवशी विचारून पाहा. लता मंगेशकरांच्या देशोदेशींच्या कार्यक्रमांत वाद्यवृंदापुढे उभे राहणारे अनिल मोहिले किती जणांना ठाऊक आहेत?

कुणी म्हणेल, "नावाचे एवढे काय? कलावंताने निष्काम असावे." निष्काम असण्याचा हा उपदेश गायकाला केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. शिवाय प्रश्न नुसत्या मानाचा नाही, मीठभाकरीचाही आहे. आपला स्वामित्वहक्काचा कायदा 1957 चा. 2012 च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकार यांचा मानधनाच्या वाट्यावरचा हक्क पक्का केला, आणि ते योग्यच झाले. वादकांनाही कलाकार म्हणून त्या कायद्यात जागा आहे. पण गाण्याची मांडणी करणारा त्यात स्वतंत्र कर्ता म्हणून उभा नाही. मांडणी हा शब्द तिथे येतो तो मूळ रचनेचे एक रूपांतर म्हणून. त्याने एकदा ठरलेले पैसे घ्यावेत आणि घरी जावे. ज्याचे नाव छापले जात नाही, त्याचे बिल थकवणे सोपे असते. आणि ज्याचे नाव ठाऊक नसते, त्याच्या जागी यंत्र बसवणे त्याहून सोपे.

तसे घडूही लागले आहे. वादकांचा खर्च नको म्हणून तयार 'ट्रॅक' लावायचा आणि त्यावर गायचे, ही प्रथा आता गावोगाव रुजते आहे. यंत्र मुख्याच्या मागे जात नाही. मुख्यालाच यंत्राच्या मागे धावावे लागते. गायकाने भावनेच्या भरात एक क्षण जास्त ठहराव घेतला तर ट्रॅक पुढे निघून जातो. कुठे तुटले तर सावरणारे कोणी नसते. सहा गुणांतले पहिले आणि चौथे त्याच क्षणी गळतात. मग एखाद्या मुलाने पोटाला चिमटा घेऊन दहा वर्षे बासरी फुंकावी, ती कोणासाठी?

नुसत्या कानठळ्यांची तरफदारी आम्ही करीत नाही, हेही सांगून ठेवतो. मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती म्हणजे मांडणीचा खूनच आहे. तिथे सगळी वाद्ये एकाच वेळी बोलतात आणि एकाचेही ऐकू येत नाही. वाद्ये थोडी की फार, हा मुद्दाच नाही. 2016 च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतले आणि ते करमाळ्याच्या मातीतल्या प्रेमकथेला शोभले. कारण कोणते वाद्य कुठे येणार, याचा विचार झालेला होता. पैठणच्या नाथांच्या भारुडाला टाळ, मृदंग आणि झीलकरी पुरतात. तिथेही सोंगाड्याने थांबायचे केव्हा आणि झीलकऱ्यांनी उचलायचे केव्हा, हे ठरलेले असते. दोन्ही ठिकाणी मांडणीच आहे.

दिवाळी अंकाच्या वाचकांना हे पटवायला फार शब्द नकोत. कथा कथाकाराची, कविता कवीची, चित्र चित्रकाराचे; तरी कशानंतर काय यावे हे ठरवणाऱ्या संपादकाचे नाव अंकावर असतेच. गृहिणीलाही हे सांगायला नको. अनारसे, करंज्या, चकल्या सगळ्यांच्याच घरी होतात. गोडानंतर तिखट केव्हा यावे आणि ताटात कोणते पक्वान्न कुठे वाढावे, हे जाणणारी एखादीच असते, आणि पाहुणे तिचे नाव काढतात.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. दिवाळी पहाट भरवणाऱ्या मंडळांनी आणि संस्थांनी पत्रिकेत कवी, संगीतकार आणि गायक यांच्याच टायपात 'संगीत संयोजन' अशी ओळ छापावी आणि तिच्यापुढे माणसाचे नाव लिहावे. संगीतकारानेच मांडणी केली असेल तर तसे लिहावे. मेळाने मिळून केली असेल तर साऱ्या मेळाची नावे द्यावीत. वादकांची ओळख कार्यक्रम संपून लोक चपला शोधत असताना करून देऊ नये. पहिल्या गाण्याआधी करून द्यावी. आणि श्रोत्यांनी यंदा आपल्या आवडीचे एक गाणे दोनदा ऐकावे. पहिल्यांदा नेहमीसारखे. दुसऱ्यांदा गायकाकडे लक्ष न देता, त्याच्या मागे, खाली, अधूनमधून काय चालले आहे तेवढेच ऐकावे. मग पत्रिका उलटून ते कोणी केले त्याचे नाव शोधावे. सापडले नाही, तर आयोजकांना तिथल्या तिथे विचारावे.